पालिकेची हलगी

आमच्या वस्तीत नळ नव्हता, पण पाणीपट्टी होती. खांब होते, दिवे नव्हते, दिवाबत्ती कर मात्र दरसाल न चुकता यायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पालिकेने घरपट्टीही वाढवली, लोक ओरडायला लागले, तेव्हा नागरिकांच्या शंका ऐकण्यासाठी सभागृहात बैठक बोलावली गेली. मी तेव्हा वसमतला कॉलेजात शिकत होते. एसटीतून उतरले ती थेट बैठकीलाच गेले. बाबा तिथेच होते, चहाचा ट्रे घेऊन. ते पालिकेत रोजंदारीवर शिपाई होते, आणि त्यांना कायम करण्याचा ठराव पुढच्याच सभेत यायचा होता. घरात दुसरा विषय नव्हता.

व्यापारी बोलले, मास्तर बोलले. सगळ्यांना गुळमुळीत उत्तरं मिळाली. माझं डोकं तापलं. मी उभी राहिले.

"बसस्टँडवर कमान बांधायला पैसे हायेत. आमच्या वस्तीत नळ न्हाई, मंग पाणीपट्टी काहून?"

पालिकेचे अध्यक्ष हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "पण आधी थकबाकी भरा, मंग नळ मागा. उद्यापासून थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवू." मग बाबांकडे वळून म्हणाले, "बाहेरचा माणूस काहून लावायचा? तुझ्या तं हातातच हाय."

बाबा रिकामे कप गोळा करत राहिले.

बौद्ध झाल्यावर आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आबांनी, गावकीची कामं सोडली होती. घरातल्या हलग्या चुलीत घातल्या होत्या. बाबा तेव्हा रांगत होते. हलगी धरतात कशी हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. पण अध्यक्षांच्या हिशेबी ती आमच्या रक्तातच होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमी जाऊ नका."

"तू बराबर विचारलंस," ते म्हणाले. "पण ठराव व्हायचा हाय अजून." आई भाकरी थापत राहिली.

सकाळी पालिकेने बाबांच्या हातात कोरी हलगी दिली आणि सोबत वसुली कारकून पाठवला. आमच्या वस्तीपायी पालिकेने केलेला तो पहिला खर्च. हळदीच्या आडत्यांची थकबाकी आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी सुरुवात आमच्या गल्लीतून झाली.

पहिल्या दारात बाबांनी हलगीवर काडी मारली. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. दारातल्या बाईने पदर तोंडाला लावला.

"नीट वाजव ना," कारकून म्हणाला.

"येत न्हाई मला."

"तुला येत नाही?" त्याचा विश्वासच बसेना. बाबा मुद्दाम करताहेत असं त्याला वाटलं. "मग साहेबांना तसंच सांगतो. ठरावाचं तुझं तू बघ."

तेवढ्यात शेजारच्या घरातून आबा काठी टेकत बाहेर आले. "आण इकडं," ते म्हणाले आणि बाबांच्या हातून हलगी घेतली. आता ते ती फेकून देणार, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं.

आबांनी पायाने पाचोळा गोळा केला, तो पेटवला आणि कातडं ताणेपर्यंत जाळावर हलगी धरून गोल गोल फिरवत तापवली. बोटाने टिचकी मारून कान दिला. मग ती बाबांच्या हातात देऊन, त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून, काड्या कशा पडतात ते दाखवायला लागले.

"आबा, नका ना," मी म्हटलं.

"नौकरी ऱ्हाऊ दे त्याची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांचा ठेका चुकत नव्हता. ज्या हातांनी हलगी जाळली होती त्याच हातांना ते सगळं अजून आठवत होतं, याचा मला भयंकर राग आला.

मी घरात जाऊन दार लावून घेतलं. दिवसभर आवाज येत होता, दारामागून दार. दुपारपर्यंत तो अडखळत होता.

दिवस मावळताना बाबा आमच्या दारात आले. आमचीही पट्टी थकली होती. तोवर त्यांना चांगलं वाजवता यायला लागलं होतं.