पडवीतला टीव्ही माजघरात नेला

शहापूरला माझं शिलाईचं दुकान आहे. कापड पाण्यातून काढल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही. बाबांसाठी इंटरनेटवरचा टीव्ही निवडतानाही मी तशीच वागले, आणि तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. टोकावड्याच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला आमचं घर. घरात आई आणि ते, दोघंच. तरुणपणी बाबांनी पंचक्रोशीत कबड्डी गाजवली होती. आता पडवीतल्या खाटेवरून टीव्हीवरचे सामने बघणं, एवढंच उरलं होतं. पण छपरावरची छत्री जुनाट. आभाळ भरून आलं की चित्र जायचं, आणि तेही नेमकी चढाई रंगात आली की, असं बाबांचं म्हणणं. म्हटलं, या माणसाला एवढं तरी धड मिळालं पाहिजे.

वाडीत वायरचं इंटरनेट येऊन पोचलं होतं. मग मी हात धुऊन मागे लागले. ब्लाउज शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, तुमच्याकडे कुठली सेवा आहे, संध्याकाळी सगळे बघायला बसले की चित्र फिरत राहतं का, तक्रार केली तर पलीकडून मराठीत कुणी बोलतं का. शेकडो वाहिन्या देतो म्हणणारा एक जण दुकानात आला. कंपनीचा पत्ता विचारल्यावर इकडचं तिकडचं बोलायला लागला, त्याला वाटेला लावलं. दोन सेवा एकेक महिना शहापूरच्या माझ्या घरी वापरून पाहिल्या. एकीवर सामना मागेच पडायचा; शेजारी ओरडायचे आणि आमच्याकडे अजून चढाई सुरू व्हायची असायची. दुसरी पसंत केली. वर्षाचं एकदम बांधून घेतलं नाही, इतकी मी हुशार.

वायर घराच्या मागच्या खांबावरून आली. बसवणारा म्हणाला, माजघरात पक्कं चालेल, पडवीत मधेमधे तुटेल. मी लगेच टीव्ही आणि खाट दोन्ही माजघरात हलवली. आईचीही बाहेर-आत धावपळ वाचणार होती.

बाबांनी एवढंच विचारलं, "आनि बाकीचे कुठं बसतील गो?"

बाकीचे म्हणजे वाडीतले चार-पाच म्हातारे, त्यांच्याबरोबर खेळलेले. संध्याकाळी ते पडवीत येऊन बसायचे. चित्र गेलं तरी उठायचे नाहीत. मी म्हटलं, येतील की आत, तुम्ही आरामात बघा.

त्याच घरात वाढलेली मी, आणि हे बोलले. आमच्याकडे बाहेरचा पुरुष पडवीपर्यंत. आत भाताची कणगी, देव, बायकांचा वावर. कुणी मनाई केलेली नसते, पण बोलावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. पुरुषांना आत बोलवायला आई धजायची नाही आणि बाबांना तर भीड पडायची. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त न तुटणारं चित्र होतं.

भातकापणी उरकल्यावर मी गेले. वाटेत बाबांचा जुना जोडीदार भेटला, काठी टेकत चाललेला. म्हणाला, "मजेत हाये तुझा बा. रोज आयकतो ना वाटेवरून. काय वरडतो म्याच बघून." मला इतकं बरं वाटलं की पिशवीतली केळी काढून त्याच्या हातात ठेवली.

घरात शिरले तर बाबा खरंच ओरडत होते, "धर, धर त्याला, सोडू नको." टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते दाराकडे बघत होते.

आई चुलीपाशी होती. खालच्या आवाजात म्हणाली, "म्याच कुठं बघतात ते. वाटेनं कोनाची चाहूल लागली का वरडतात. वाटतं, आयकून तरी कोनी आत येईल."

मला का सांगितलं नाहीस, म्हणून मी तिच्यावरच तडकले. ती म्हणाली, तू एवढ्या हौसेनं बसवलंस, कसं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून लांब वायर आणली आणि टीव्ही पडवीत नेला. म्हातारे आले, बसले. पण तोवर बाबांचं अंग फार दुखायला लागलं होतं. उचलून बाहेर आणलं की कळा यायच्या. जेमतेम आठवडाभराच्या संध्याकाळी त्यांना मिळाल्या. थंडी सरायच्या आत ते गेले.

त्या मधल्या महिन्यांत दर रविवारी मी दुकान बंद करून त्यांना फोन लावायचे. मध्ये अडकतं का हो बाबा, एवढंच विचारायचे. ते म्हणायचे, "नाय गो. एकदाबी नाय अडकत." मला समाधान वाटायचं, आणि मी फोन ठेवायचे.