एकीच्या गोळ्या, दुसरीची छाती

सगळ्यात आधी टपकली ती माझी नणंद, निलंग्याची सुंदराबाई. माझी नात मुक्ती दम्यानं बेजार, दोन पावलं पळाली की छाती धरून बसायची. हे सुंदराबाईला कुणी कळवलं देव जाणे! पोरीला कसं वाटतं ते विचारायच्या आधीच तिनं स्वतःच्या गोळ्या पुढं केल्या. "वैनी, मलाबी दमाच हाय. ह्यानं मी खडखडीत झाले. द्या पोरीला!" आमच्याकडं आजाऱ्याला बघायला येणारी प्रत्येक बाई आपलं औषध घेऊनच येते.

त्या गोळ्यांनी धाप तर हटली न्हाईच, उलट पोरगी चिडखोर झाली, जेवंना. मग तिघी उदगीरला माधवराव डॉक्टरांकडं गेलो. तीच आमची पहिली ओळख. आता डॉक्टरसाहेबांची पंचाहत्तरी, तिचा गौरव अंक काढणारे मलाही लिहा म्हणाले.

साहेब रागावले, पण पोरीवर न्हाई, आम्हा दोघींवर. "दुसरीच्या मापाचं झंपर घालता का, आक्का?" मग नुसते प्रश्न. खोकला कधी येतो? तुरीची रास करताना? गोठ्यात? बाहेर रोगी खोळंबलेले, मी वैतागलेली. पोरीला श्वासाचा जोर मोजायच्या काट्याच्या नळीत फुंकायला लावलं, तोंडानं ओढायचा पंप दिला, परत फुंकायला लावलं. काटा जागचा हलंना. सुंदराबाईला तसाच पंप दिला, तर तिचा काटा सरसर वर! एकाच रक्ताच्या दोघी, तरी असं.

पोरगी पंपाला भ्यायची. साहेबांनी रिकामा पंप स्वतःच्या तोंडाला लावून, डोळे मोठे करून दाखवला, तेव्हा कुठं हसली.

पुढच्या खेपेला औषध बदललं. त्याच्या पुढच्या खेपेला परत बदललं. मी तडकलेच, "साहेब, तुमाला औषध येतं का न्हाई?"

"मला आधी काय कळतंय आक्का? हिची छाती सांगल तसं करायचं."

एवढे शिकलेले, पण कळत न्हाई म्हणायला लाजले न्हाईत. शेवटी लागू पडलं. मुक्ती आता शाळेत खो-खो खेळते. तिला पळताना बघून मला काय होतं ते लिहिता येत न्हाई.

पण पाहुण्यांना कोण आवरणार? परवा सुंदराबाई आपल्या विहिणीला घेऊन हजर. "मुक्तीचं बंद करा, विहीणबाईंचं औषध लई भारी हाय." मी मुक्तीचा पंप तिच्या दप्तरात टाकला अन् तिला शाळेत धाडलं.

साहेबांना निरोगी, लांब आयुष्य मिळो, अन् आम्हा बायांवर रागवायची ताकद तशीच राहो. ती लवकरच लागणार. दोघी गुरुवारी परत येतो म्हणून गेल्यात.