उसनी जीभ

सात रस्त्याजवळ माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि शेजारी एका मुसलमान स्वयंपाक्याची खानावळ. रमजानात दुपारभर त्याची चूल थंड असायची. ऊन कललं की तो रोजा सोडायला येणाऱ्यांसाठी मटणाचा रस्सा रटरटत ठेवायचा आणि पळी सांभाळत माझ्या मशीनपाशी यायचा.

"मास्टर, जरा जीभ देता का? मीठ बघा की."

जिभेच्या टोकावर चाखून थुंकलं तर स्वयंपाक्याचा रोजा मोडत नाही, असं मौलवींनी त्याला सांगितलं होतं. "पर थुंकायच्या आदी गिळलं तर? माज्या जिभेचा मला भरवसा न्हाय," तो म्हणायचा. मग मी चाखायचो. घरी अर्थातच बोलायचो नाही.

एकदा मी हात जोडले. "आज एकादशी आहे. दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

तो पळी धरून उभाच राहिला. "तुमी बास म्हनलं की बास असतंय, मास्टर. दुसऱ्याचं काय खरं?"

शेवटी त्यानं अंदाजानं मीठ टाकलं. बांग झाल्यावर माणसं मुकाट्यानं जेवली आणि घागरभर पाणी प्यायली.

त्यानंतर रमजानात एकादशी आली की तो आदल्या संध्याकाळीच हाक मारायचा, "उद्या तुमची एकादशी, मास्टर. रस्सा बंद. खजूर अन् कलिंगड."

घरी जाऊन मी बायकोला साबुदाणा भिजवायला सांगायचो.

"पंचांग न बघता तुम्हाला कशी हो कळते?"

"दुकानात कळते," मी म्हणायचो.