नाव घ्या

"नाव सांगा."

खाटेशी उभ्या राहिल्या की सिस्टरांचा पहिला शब्द हाच. महिनाभर वॉर्डात पडून असलेल्या माणसालाही त्या विचारत. एक सुरती काका वैतागायचे, "बेन, रोज रोज नाम शुं पूछो छो? लगननी कंकोतरी छापवी छे?" लग्नपत्रिकेच्या या थट्टेवर सिस्टर हसत नसत. "बोलोने, काका." काका नाव सांगत, मगच सुई टोचली जाई.

सत्तर सालच्या आसपास मी सुरतेत नर्सिंग शिकत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्याचीच धास्ती. सिस्टर नगरकडच्या, वॉर्डातल्या सर्वांत मोठ्या. त्यांच्याविषयी मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जी कडक वाटतात आणि आतून घाबरलेली असतात.

बाटलीवरचं नाव त्या कपाटातून काढताना वाचत, औषध भरताना वाचत, परत ठेवताना पुन्हा वाचत. दर वेळी ओठ हलत. मी एकदा विचारलं, "सिस्टर, इतक्या वर्षांनी भीती वाटते?"

"रोज वाटते. आणि तू कुणाला 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारू नकोस. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

एका दुपारी, जेवणं यायच्या आधी, आम्ही खिडकीजवळच्या खाटेपाशी गेलो. पायथ्याच्या कागदावर भिका असं नाव होतं, साखरेच्या आजाराचे पेशंट, त्यांना इन्सुलिन द्यायचं होतं. खाटेवरचा माणूस ग्लानीत होता. उशाशी त्याची बायको, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"नाव सांगा यांचं."

बाईने पदर आणखी पुढे ओढला. वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टर, आप्पा आहेत. पांडेसऱ्याच्या रंगाच्या कारखान्यातले."

"हां, आप्पा," बाई पुटपुटली. "समदा त्यासले आप्पाच म्हंतस."

"आप्पा नको. खरं नाव."

बाईने मान हलवली. लग्नानंतर नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. "कसं लेऊ माय? माले भ्याव वाटस."

वॉर्डबॉय कुरकुरला, "कागद आहे ना समोर! जेवणाची गाडी येईल आता." सिरिंज भरलेली होती. सिस्टरांच्या कपाळावर घाम होता. त्या अचानक बाईजवळ वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लग्नात घेतलं होतंत ना? तसंच घ्या. नाव घ्या, बाई."

शेजारच्या खाटेजवळची म्हातारी म्हणाली, "घे व माय, घे. इथं कोन हाससे तुले?"

बाईने पदराचं टोक मुठीत धरलं. आवाज इतका बारीक, की आम्ही सगळे पुढे झुकलो.

"चुलीवरची भाकर सोडून आले दवाखान्याच्या दारी,
सुपडूरावांना बरं करा, नेऊ द्या मला घरी."

आणि दोन दिवस कुणाच्याच हाकेला न बोललेल्या त्या माणसाने डोळे मिटूनच म्हटलं, "ओ."

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. काच धातूवर वाजली.

मग उलगडा झाला. खिडकीशी वारा येतो म्हणून भिका आप्पांनी सकाळी, आम्ही ड्यूटीवर यायच्या आधी, आपली खाट या तापाच्या माणसाला दिली होती आणि स्वतः आता जेवणाआधी हातपाय धुवायला गेले होते. त्यांनाही सगळे आप्पाच म्हणत. खाटा बदलल्या, कागद तिथेच राहिले. सुपडूरावांना साखरेचा आजार नव्हता. ते आधीच ग्लानीत. इन्सुलिनने साखर उतरली असती, ते आणखी खोल गेले असते, आणि आम्ही तापच समजलो असतो.

बाईला हे कळलं नाही. नाव घेतल्याच्या लाजेने तिने तोंड पदरात लपवलं होतं.

भिका आप्पा परत आले. सिस्टरांनी त्यांना नाव विचारलं, सुई दिली, दोन्ही कागद बदलले. मग औषधांच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या. मी पाणी नेलं, ते त्यांनी घेतलं नाही. "दार लाव," एवढंच म्हणाल्या.

वर्षभरात त्यांची बदली झाली. निरोप असा झालाच नाही. माझी परीक्षा होऊन त्याच वॉर्डात ड्यूटी लागली. पहिल्या दुपारी ट्रे घेऊन मी निघाले. भरलेली सिरिंज, समोर खाटांची रांग, सगळे डोळे माझ्या हाताकडे. मी मागे वळून पाहिलं. औषधांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मी पहिल्या खाटेशी गेले आणि म्हणाले, "नाव सांगा."