उपाशीपोटी घ्यायची गोळी

सोफ्याचं कापड ठोकताना तो मूठभर खिळे तोंडात धरायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव खिळ्या पाडलं. बायकोशी भांडतानाही खिळे बाहेर काढायचा नाही. अर्धे शब्द दातांतच अडकायचे, पण तिला बरोब्बर कळायचे.

लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि खिळे तोंडातून गेले. हातोडी उचलवेना. दुकानातल्या अर्धवट सोफ्यावर नुसता पडून राहायचा, स्प्रिंगा टोचत असल्या तरी.

तिला ते बघवेना. थायरॉइडचा आजार निघण्याआधी तीही अशीच मरगळली होती, जिना चढताना धापा टाकायची. मग डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी एक गोळी लावली आणि बाई ताडकन उभी राहिली. या घरात औषध कुणा एकाचं नसायचंच. त्याचं खोकल्याचं औषध ती प्यायची, तिचं गुडघ्याचं मलम तो चोळायचा. मेडिकलवाल्याकडून तिने दोघांपुरत्या गोळ्या आणल्या आणि एक त्याच्या तळहातावर ठेवली.

"कशाची गं?"

"ताकदीची. गिळा गपचूप."

एका गोळीने त्याला जरा बरं वाटलं म्हणून तिने दोन केल्या. आणि खिळ्या उठला की! हातोडी घेतली, तोंडात खिळे भरले. दीर म्हणाला, "वहिनी, दादात नवीन सेल टाकलेत काय?" ती हसली, किती महिन्यांनी हसली. हात थरथरत होते, शिवण वाकडी जात होती, छाती धडधडायची, शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. पण कॅन्सर म्हटल्यावर माणूस वाळणारच ना, असंच सगळ्यांना वाटलं. सोफा पूर्ण झाला. गिऱ्हाईक खूश.

मग स्कॅन झालं. गाठी फुफ्फुसात पोचल्या होत्या. वर रक्तातला थायरॉइड इतका चढलेला की डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, हे कुठलं औषध चालू आहे? तिने लगेच सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही केलंय हेच तिला माहीत नव्हतं.

"अहो काकू, ती ताकदीची गोळी नाही. तो हार्मोन आहे. शरीरातल्या पेशींना तो कामाला लावतो. काही अभ्यासांत असं दिसलंय की कॅन्सरच्या पेशीही त्याचं ऐकतात, वाढतात, दुसरीकडे पसरतात. आणि काही अभ्यास नेमकं उलटं सांगतात, की लिव्हरमध्ये तोच गाठीला आवरतो."

"म्हणजे मी पसरवला का?"

"नाही सांगता येणार. न देताही पसरला असता कदाचित."

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा ना हो!"

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. शेवटी म्हणाल्या, "त्यांची बंद करा. तुमची मात्र सोडू नका, तुम्हाला ती लागते."

शिवी दिली असती तरी चाललं असतं तिला.

घरी आल्यावर तिने गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. खिळ्या पुन्हा आडवा पडला, आणि आठवड्याभरात हात पुढे करायला लागला.

"दे ना गं."

"नाही."

"तेवढेच दिवस माणसात होतो मी."

"तेवढ्यातच पसरला असेल तर?"

"आता काय शिल्लक राहिलंय पसरायचं? दे म्हणतो ना!"

"मरा तसेच, पण माझ्या हातून नाही!"

बोलून गेली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर पाणी मागायचा, उशी सरकव म्हणायचा, बाकी काही नाही. तोंडात खिळे नव्हते तरी बोलायचा नाही. तसाच गेला.

पण त्याआधीच्या त्या सगळ्या सकाळी ती काय करायची? मोरीत जायची, कडी लावायची, नळ मोठा सोडायची, म्हणजे गोळीचं पाकीट फुटल्याचा आवाज बाहेर जाऊ नये. आणि चोरासारखी स्वतःचीच गोळी गिळायची. आता घरात ऐकायला कुणीच नाही. तरी ती कडी लावते. नळ सोडते.