सदतिसावं पान

कव्हरबाई म्हणजे आमच्या शाळेच्या ग्रंथपाल. हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि नाव ठेवण्यात मुलं सहसा चुकत नाहीत. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक बाई स्वतःच्या हातानं खाकी कागदात घालतात, नखानं कोपरे दाबतात, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी डकवतात. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळं त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास येतो, आणि त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या की कुणीतरी उठून खिडकी उघडतं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्हाला त्या विषयानंच हाक मारतात. मी गणित शिकवते. "अगं गणित, जरा इकडे ये गं," हे भर व्हरांड्यात ऐकायची मला सवय झाली आहे.

अशा बाईंच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी एक दिवस मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं काम मारलं. मुलं शाळेच्या संगणकावर गृहपाठ लिहितात, एकमेकांशी बोलतात, नको ते बोलतात. त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगा, असं वरून पत्र आलं होतं. संगणकाच्या सरांनी आपलं भरलेलं वेळापत्रक पुढं केलं. मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढं केला. बाईंकडे पुढं करायला काहीच नव्हतं.

"तुम्ही पुस्तकं सांभाळता ना, तसंच हे," मुख्याध्यापक म्हणाले.

"तसंच कसं?" बाईंनी मला नंतर गाठून विचारलं. "पुस्तक मला दिसतं. हे खातं खातं म्हणतात, ते असतं कुठं? कपाटच नाही, तर कुलूप घालायचं कशाला?"

मी समजावलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा समजावताना खातं नेमकं असतं कुठं, हे माझं मलाच कळेनासं झालं.

पण बाई कामचुकार नव्हत्या. पत्रासोबत आलेली पुस्तिका त्यांनी तीनदा वाचली, तिलाही कव्हर घातलं, आणि वर्गावर्गात जाऊन बोलायला लागल्या. माऊस त्या दोन्ही हातांनी धरायच्या आणि मुलं खुसखुसायची. बाई मात्र सरळ सांगायच्या, "मला यातलं निम्मं कळत नाही. तुम्हाला सगळं कळतं. पण कुणी फोटो मागितला, कुणी धमकी दिली, कुणी रडवलं, तर माझ्याकडे या. मी ओरडणार नाही. वाचनालयात ओरडायला परवानगीच नाही."

आणि मुलं यायला लागली. सहावीतली एक पोर अनोळखी माणसाकडून आलेले निरोप दाखवायला आली. बाईंना त्यातलं अवाक्षर कळलं नाही, तरी त्या तिच्याशेजारी तासभर बसल्या आणि मग तिचा हात धरून तिला घरी सोडून आल्या, सगळं तिच्या वडिलांच्या कानावर घालून. मला तेव्हा हेवा वाटला होता. माझ्याकडे मुलं फक्त गणितातल्या शंका घेऊन यायची, तीही भीत भीत.

घोटाळा झाला तो पासवर्डमुळं. मुलं पासवर्ड विसरायची आणि संगणकाचा निम्मा तास 'सर, माझं उघडत नाही' यात जायचा. बाईंनी यावर वाचनालयातला उपाय काढला. तुम्हाला ठाऊक नसेल, पण वाचनालयाचा शिक्का पुस्तकाच्या पहिल्या पानावर तर मारतातच, शिवाय आत एका ठरलेल्या पानावरही मारतात. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते त्या आतल्या पानावरून कळतं. आमच्या वाचनालयाचं गुप्त पान सदतिसावं. सव्वीस वर्षांत बाईंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता मुलांसाठी त्यांनी ते गुपित फोडलं. आधी 'वाचन' हा शब्द, मग आपला वाचनालयाचा सभासद क्रमांक, आणि शेवटी सदतीस. झाला पासवर्ड! विसरायची सोयच नाही. मुलं खूश झाली, आणि संगणकाच्या सरांचा तास वाचला, तेव्हा त्यांनीही खोलात जाऊन काही विचारलं नाही. आम्ही शिक्षकही विसरभोळेच. माझा सभासद क्रमांक अकरा. मीही तोच पासवर्ड ठेवला.

सभासदांची क्रमांकवार यादी वाचनालयाच्या दारावर टांगलेली असते. गणिताची शिक्षिका असून दोन अधिक दोन मी केले नाहीत.

मग तो सोमवार उजाडला. मधल्या सुट्टीत आठवीच्या फलकावर, म्हणजे संगणकावर जिथं आम्ही गृहपाठ देतो तिथं, एक ओळ आली. 'गणिताच्या बाईंना नवऱ्यानं टाकलंय, त्याचा राग आमच्यावर काढतात.' वर्गातल्या सगळ्या मुलांनी ती वाचली. गोष्ट खरी होती. दोन वर्षांपूर्वी तो गेला, शाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि माझ्यासमोर कुणी उच्चारत नाही एवढ्या आधारावर मी रोज वर्गात उभी राहत होते. ओळीखाली नाव होतं टिकटिकचं. सतत पेन वाजवते म्हणून मीच तिला ते नाव दिलं होतं. आदल्याच शनिवारी मी तिला वर्गाबाहेर काढलं होतं.

संगणकावर शिक्षकांचा वेगळा फलक आहे, मी त्यावर मनात आलं ते लिहून टाकलं आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, की ही मुलगी शाळेत राहिली तर मी राहणार नाही. ती रडत सांगत होती, "मी नाही लिहिलं, बाई, मी वाचनालयात होते." मी म्हटलं, चोर कधी सांगतो का मी चोरी केली म्हणून?

मंगळवारी सकाळी तिच्या आईला बोलावलं. आई परिचारिका. रात्रपाळी संपवून तशीच पांढऱ्या गणवेशात आली होती, डोळे तारवटलेले. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला तयार होता. फक्त सही व्हायची होती. टिकटिक आईला चिकटून उभी होती आणि पेन कुठं दिसत नव्हतं.

तेवढ्यात न बोलावता कव्हरबाई आत आल्या. हाताला खळ तशीच.

"सर, माझा काहीतरी गोंधळ होतोय," त्या म्हणाल्या. "काल सुट्टीभर ही माझ्यासमोर बसून चिठ्ठ्या डकवत होती. जागची हलली नाही. मग हिनं लिहिलं कसं?"

"बाई, खातं तिचं, पासवर्ड तिचा. तो दुसऱ्या कुणाला माहीत असणार?"

"मला माहीत आहे की," बाई निरागसपणे म्हणाल्या. "दोनशे चौदा हिचा क्रमांक. वाचन, दोनशे चौदा, सदतीस."

बाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "म्हणजे मला सगळ्यांचेच माहीत आहेत. आणि मुलांना... मुलांनाही..." त्यांचा आवाज बसत गेला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्याही प्रेमानं वाटलेल्या! "अगंबाई, हे काय केलं मी?" त्या मटकन खुर्चीत बसल्या.

मुख्याध्यापकांना पटेना. असं कसं कुणाचंही उघडेल? मलाही पटवून घ्यायचं नव्हतं. टिकटिक दोषी नसेल, तर चारशे पोरांपैकी दोषी कोण? मी उद्यापासून कुणाकडे रागानं बघायचं? तावातावानं मी म्हटलं, "माझं उघडून दाखवा बघू!" याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बाईंनी मुख्याध्यापकांच्या संगणकावर एकेका बोटानं शोधून शोधून अक्षरं दाबली. माझं खातं उघडलं. मुख्याध्यापकांनी निमूटपणे दाखला फाडून टाकला, आणि टिकटिकच्या आईनं तोंडावर हात ठेवून मोठा श्वास सोडला. माझाही जीव, खोटं कशाला बोलू, थोडा हलका झाला.

आणि मग मी पडद्याकडे पाहिलं. शिक्षकांचा फलक उघडा होता. सगळ्यात वर माझं नाव, आणि नावाखाली काल लिहिलेलं. 'आई रात्र रात्र घराबाहेर. पोरीला वळण लावणार कोण? अशा बायकांना मुलं हवीतच कशाला?'

आईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिनं मुलीला हळूच पाठीमागं घेतलं, पण मुलीनं आधीच वाचलं होतं.

"बाई," आईनं मला विचारलं, "हेही दुसऱ्याच कुणी लिहिलंय का?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. तिला आत्ताच कळलं होतं, की या शाळेत कुणीही कुणाच्या नावानं लिहू शकतं, आणि माझ्याबद्दल तिला वाईट मत करून घ्यायचं नव्हतं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी तो मजकूर कालच वाचला होता आणि काही म्हटलं नव्हतं.

कव्हरबाई उठल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तर काय! दुसऱ्याच कुणाचं काम हे. आमची गणित तोंडानं फटकळ आहे, पण असलं नाही लिहायची. माझ्या चुकीमुळं झालंय हो ताई, हिला दोष देऊ नका."

सुटायला एक होकार पुरेसा होता. कुणी कधी पडताळलं नसतं, पडताळताही आलं नसतं. आईच्या दंडामागून टिकटिक माझ्याकडे बघत होती. कालपासून ती एकच वाक्य बोलत होती, आणि मी ते एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. माझं मात्र मी न बोलताच सगळे ऐकायला तयार होते.

"नाही," मी म्हणाले. "ते मी लिहिलं. मीच."

कव्हरबाईंचा हात माझ्या खांद्यावरून हळूच खाली गेला.