उंबऱ्यावर घेतलेलं नाव

नवऱ्याचं नाव घेताना तिची जीभ वर उचललीच नाही. उंबऱ्यावर तांदळाचं माप, नणंद दार अडवून उभी, आणि नव्या नवरीच्या तोंडून नुसतं बोबडं काहीतरी बाहेर पडलं. कोरेगावातल्या आमच्या अंगणात जमलेल्या बायका पोट धरून हसल्या. नणंद म्हणजे माझी लेक. ती म्हणाली, "वैनी, परत घ्या. आमच्या दादाचं हाय का दुसऱ्या कुणाचं?" परत दोनदा घ्यायला लावलं. मीही हसले. खोटं कशाला लिहू?

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. घरात टीव्ही आला होता, अक्कल यायची होती.

सांगलीला मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळी उत्तरं तिच्या मामीनंच दिली. पोरगी लाजाळू आहे म्हणाली. आम्हाला कमी बोलणारी सून हवीच होती, म्हणून कुणी पुढं विचारलं नाही. नंतर फसवलं म्हणून ओरडायला मात्र आम्हीच पुढं.

मग शहाणपणाला ऊत आला. जीभ सुटावी म्हणून माझ्या जावेनं सहाणेवर वेखंड उगाळून चाटवलं, पोरगी ओकली. चुलतसासूनं ठरवलं, हिच्या आईनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली असणार. माझे मालक लष्करातून पेन्शनवर आलेले, जगातलं सगळं कळणारे. ते म्हणाले, माहेरी सोडून या, कायमची. तिच्या तोंडात कुणी बघितलं नाही.

मी चौथी पास. तिला उजेडात बसवून आ करायला लावलं. जिभेखाली पार शेंड्यापर्यंत पातळ कातडी चिकटलेली. जीभ बाहेर काढायला गेली की टोकाला खाच पडायची.

तिला घेऊन सांगलीच्या एस.टी.त बसले तेव्हा घराला वाटलं, माहेरी सोडायला चालले. तिलाही तेच वाटलं. वाटभर तोंडाला पदर.

सांगलीत विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी कातडी कापली. घडीभराचं काम. इतकी वर्षं कुणी बघितलं कसं नाही, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "बघणारी समदी हसत हुती."

कापलं की लगेच बोलता येतं असं नाही. कित्येक महिने ती आरशापुढं जीभ टाळ्याला लावत बसायची. तेव्हाही घरातले फिदीफिदी करायचे. घाईत तिचा 'र' अजून घसरतो.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला त्याच बायका आल्या. नाव घे म्हणाल्या. तिनं हातातलं वाण दिलं आणि सावकाश, स्पष्ट म्हणाली, "एकदा घेतलंय. तवा तुमी हसत हुता."

माझी लेक हल्ली सांगत फिरते, आम्ही वहिनीला बोलती केली. उंबऱ्यावर एकटी उभी होती ती माझी सून. तिच्या बाजूनं आम्ही कुणी नव्हतो.